१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : गोष्टीतून गळलेली सत्तावीस वर्षे

गणितावरील लोकप्रिय पुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली आहे. फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ जातात, २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा करतात. मग शेजारी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडतात. दोन्हीकडे शीर्षकातली एकवीस अंकी संख्या येते. एक शब्दही न बोलता कोल जागेवर जाऊन बसतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

गोष्ट झकास आहे. ती पसरली ई. टी. बेल यांच्या लेखणीमुळे. बेल १९०३ मध्ये दूर कॅलिफोर्नियात शिकत होते, तेव्हा तो कडकडाट त्यांनी स्वतः ऐकलेला नसणार. पण ते सोडून देऊ. खरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. गोष्ट पुन्हा सांगणारे बरेच जण लिहितात की, ही संख्या मूळ आहे हे मर्सेनचे १६४४ मधले विधान कोल यांनी खोटे पाडले.

ते १८७६ मध्येच खोटे पडले होते. एदुआर ल्यूका यांनी ही संख्या मूळ नाही हे सिद्ध केले, आणि तेही तिचा एकही अवयव न सापडता! सत्तावीस वर्षे गणितज्ञांना ठाऊक होते की ती फुटते. कशी फुटते ते ठाऊक नव्हते. गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग हाच, आणि नेमका तोच गाळला जातो.

अवयव न दाखवता असे कसे म्हणता येते, असे वर्गात कोणी विचारले तर ९१ घ्यावा. फर्माच्या प्रमेयानुसार ९१ मूळ असता, तर २ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागून बाकी १ उरली असती. प्रत्यक्षात ६४ उरते. म्हणजे ९१ मूळ नाही. ७ आणि १३ यांचे नावही आपण घेतलेले नाही. ल्यूकांची कसोटी वेगळी होती, पण जातकुळी हीच.

दुसरी तक्रार 'तीन वर्षांचे रविवार' या कोल यांच्या तोंडी घातलेल्या उत्तराविषयी. ते वाचून विद्यार्थ्याला वाटते, हा गृहस्थ रविवारी बसून नुसते भागाकार करीत होता. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. लहान अवयवातून १ वजा करून १३४ ने भागून पाहा, १४४५५८० येतात. एवढी चाळणी लावूनही लाखो भागाकार उरले असते. कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने ती यादी आणखी छाटली. त्यांच्या निबंधात महत्त्वाची आहे ती ही छाटणी. फळ्यावरचा गुणाकार हा केवळ पडताळा.

शिक्षकांना तो पडताळा अर्ध्या मिनिटात घेता येईल. नवाचा ताळा पाहावा: दोन्ही अवयवांची बाकी १, गुणाकाराचीही १. मात्र छपाईत दोन अंकांची अदलाबदल झाली तरी ताळा जुळतोच. ती चूक पकडायची, तर कोल यांच्यासारखा सगळा गुणाकार मांडावा लागेल.