नाव, लिंग आणि दोर : मृणालिनी मुखर्जी यांची वनस्पतिशिल्पे

मुंबईत १९४९ साली जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांच्या शिल्पांची चर्चा बहुधा ‘ही कला की कारागिरी’ ह्या प्रश्नापाशीच अडून राहिली. गाठी मारून उभी केलेली, माणसाहून उंच शिल्पे पाहणाऱ्यास तो प्रश्न सुचावा हे स्वाभाविक होय. परंतु शिल्पांच्या नावांकडे जावयास हवे होते तितके लक्ष गेले नाही.

बडोद्यास के. जी. सुब्रह्मण्यन यांच्या हाताखाली भित्तिशिल्पाचा अभ्यास करीत असता, १९७० नंतर लवकरच, त्या तागाच्या दोराकडे वळल्या. माजलगावच्या मोंढ्यात पोत्याचे तोंड ज्या सुतळीने शिवतात, तिच्याच जातीचे हे द्रव्य. माग नाही, आगाऊ रेखाटन नाही. सांगाड्याच्या आधाराने गाठीमागून गाठ. एकेका शिल्पास कित्येक महिने लागत.

वनस्पतिचित्रकार पाकळ्या व केसर मोजतो. त्याच्या चित्रावरून जाती ओळखता आली पाहिजे. मुखर्जींचे ‘पुष्प’ (१९९३) कोणत्याच जातीचे नाही. संस्कृतात ह्या शब्दास ‘आर्तव’ असाही अर्थ असून अमरकोशात तो नोंदलेला आहे. शिल्पातील उघडत्या घड्या पाहता तो अर्थ दूर ठेवता येत नाही.

‘अरण्यानी’ (१९९६) हे नाव अधिकच विचारार्ह आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ही वनदेवता. ‘इंद्राणी’ म्हणजे इंद्राची पत्नी. ‘अरण्यानी’ म्हणजे मात्र अरण्याची पत्नी नव्हे, तर मोठे अरण्य, असे पाणिनीच्या वार्तिककाराने स्पष्ट केले आहे. स्त्रीप्रत्यय येथे महत्त्ववाचक आहे. मराठीची रीत बहुधा उलट : सुरा–सुरी, दोर–दोरी, स्त्रीलिंगात वस्तू लहान होते. घरगुती कामाच्या दोरीतून इतके भव्य स्त्रीरूप उभे करणाऱ्या कलावतीस हेच नाव सुचावे, ह्यात कारागिरीच्या आक्षेपाचे उत्तर आहे. तुलनेने ‘देवी’ (१९८२) किंवा ‘यक्षी’ (१९८४) ही नावे प्रेक्षकास उगाच मूर्तिशास्त्राकडे धाडतात.

१९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये त्यांनी मातीकाम केले. २००३ पासून त्या कांस्याकडे वळल्या. २ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकन-प्रदर्शन नुकतेच सुरू झाले होते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. अखेरच्या कांस्यशिल्पांची प्रशंसा पुष्कळ झाली. त्यांत पाने प्रत्यक्ष पानांच्या अधिक जवळ आली आहेत खरी. पण गाठीतला ताण, जो दोरास सतत खाली ओढणाऱ्या वजनातून येई, तो कांस्यात उतरलेला नाही.