‘अँबिशस’ : एक विशेषण, दोन अंतःकरणे

इंग्रजीतील ‘अँबिशस’ या विशेषणाचा अर्थ चिनी विद्यार्थ्यास सांगताना सामान्यतः दोन प्रतिशब्दांचा आश्रय घेतला जातो : ‘येशिन’ असलेला आणि ‘श्योंगशिन’ असलेला. ‘शिन’ म्हणजे अंतःकरण. ‘ये’ म्हणजे रानटी, ‘श्योंग’ म्हणजे पराक्रमी. इंग्रजी शब्द जो निवाडा संदर्भावर सोपवतो, तो चिनी प्रतिशब्द आधीच देऊन मोकळे होतात. अर्थग्रहणाची खरी अडचण ही आहे. चिनीत विशेषण स्वतःच विधेय होऊ शकते. त्यामुळे इंग्रजी वाक्यात ‘असणे’ हे क्रियापद गळते, पण ही चूक सरावाने सुटणारी.

‘येशिन’चे मूळ ‘झुओ झुआन’ या प्राचीन इतिवृत्तापर्यंत नेता येते. चू राज्याचा एक मंत्री नवजात पुतण्याचा लांडग्यासारखा आवाज ऐकून, लांडग्याच्या पिलाचे मन रानटीच असते, अशा आशयाची म्हण सांगतो आणि त्या बालकास ठार करण्याचा सल्ला देतो. बंडखोरीचा संशय या शब्दाला चिकटला आहे तो असा.

झू शंगहाव (1912–1944) यांनी ‘ज्युलियस सीझर’च्या अनुवादात सीझरवरील आरोपासाठी हाच शब्द योजला. प्रस्तुत लेखकाच्या मते ही निवड अचूक आहे. एलिझाबेथकालीन इंग्रजीत हे विशेषण बहुधा दोषवाचकच होते. त्याच्या लॅटिन मुळाशीही मतांसाठी दारोदार फिरणे आहे. अँटनीच्या भाषणातील उपरोध आरोप गंभीर असेल तरच धारदार होतो. आपल्या ‘महत्त्वाकांक्षी’ने तो बोथट होतो, मराठीत दोष दाखवावयाचा तर ‘अति’ जोडावे लागते. म्हणजे ‘येशिन’ शिकलेला विद्यार्थी शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला आजच्या इंग्रज वाचकापेक्षाही अधिक जवळचा ठरतो!

तोच विद्यार्थी नोकरीच्या अर्जात हे विशेषण स्वतःस लावताना मात्र बिचकला, तर नवल नाही. तेथे त्याला ‘श्योंगशिन’ आठवावे लागते. पण वेळापत्रकाला ‘अँबिशस’ म्हटले की दोन्ही अंतःकरणे निरुपयोगी ठरतात : तेथे ना रानटीपणा, ना पराक्रम, ‘हे जमेल असे वाटत नाही’ एवढेच सभ्यपणे सुचवलेले असते. कोशातील प्रतिशब्द ही छटा देत नाहीत. दरम्यान खुद्द ‘येशिन’ही अलीकडच्या चिनीत कधीकधी कौतुकाने वापरला जाऊ लागला आहे.