सरळ रेषेचा मोह

प्रारंभिक बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांत विकीर्ण आलेखातील बिंदूंमधून एक सरळ प्रवृत्तिरेषा ओढावी, सहसंबंध गुणांक सांगावा आणि विवेचन आटोपावे, अशी प्रथा पडली आहे. ती सदोष आहे. नागपुरातील लकडगंज लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध. तेव्हा उदाहरण ओंडक्यांचेच घेऊ. घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे, ही इमारती लाकडाचे घनफळ काढण्याची रूढ रीत. (वर्तुळाकार ओंडक्याचे घनफळ तीत सुमारे साडेएकवीस टक्क्यांनी कमी भरते, हे गिऱ्हाइकाच्या पथ्यावरच पडते.) चार मीटर लांबीच्या, ६०, ९०, १२०, १५० व १८० सेंटिमीटर घेरांच्या पाच ओंडक्यांची घनफळे या रीतीने ०.०९ पासून ०.८१ घनमीटरपर्यंत येतात. घेर व घनफळ यांचा सहसंबंध गुणांक ०.९९ निघतो आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. परंतु तीच प्रवृत्तिरेषा मागे ३० सेंटिमीटर घेरापर्यंत वाढविल्यास ओंडक्याचे घनफळ उणे ०.१३५ घनमीटर मिळते! गणन बिनचूक आहे. वर्गाचा संबंध रेषीय मानला गेला, एवढेच. आकाराने सर्वस्वी भिन्न अशा चार बिंदुसमूहांचा गुणांक एकच, ०.८१६, असू शकतो, हे अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये दाखविले. तरीही पुस्तकांत आलेख गुणांकामागून येतो. वस्तुतः आडव्या अक्षावर घेराऐवजी घेराचा वर्ग मांडला, की पाचही बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या एकाच रेषेवर येतात.