तंजावरचं चर्च, सरफोजीराजे आणि ‘सर्वांचं स्वागत’

संशोधनाच्या प्रस्तावात ‘ही संस्था सर्वसमावेशक आहे’ असं वाक्य लिहिणार असाल, तर आधी एका शिल्पाकडे नीट बघा.

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते आहे. संगमरवरात कोरलेलं. पलंगावर अखेरच्या घटका मोजणारे जर्मन लुथरन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८), आणि त्यांचा हात हातात घेतलेले तंजावरचे मराठा राजे, दुसरे सरफोजी भोसले. उशाशी दुसरे मिशनरी गेरिके, शिवाय दरबारी मंडळी आणि शाळेतली मुलं. राजांनी ते लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून करवून घेतलं.

शिल्प म्हणून ते उत्तमच आहे. राजा आणि पाद्री यांच्यातलं अंतर फ्लॅक्समननं एका हस्तस्पर्शात मिटवलंय. आणि हे नातं खोटं नव्हतं. तुळजाराजांच्या मृत्यूनंतर गादीचा वाद झाला, तेव्हा लहान सरफोजींच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची काळजी श्वार्ट्झनी घेतली. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. त्यांनी बाप्तिस्मा मात्र कधीच घेतला नाही. उलट १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. वेगळ्या धर्माचा माणूस इतका जवळचा होऊ शकतो, हे दाखवणारं असं उदाहरण सहज सापडत नाही.

पण इथेच आपण घसरतो. ‘राजाला जिथे असा मान, ती मंडळी सगळ्यांना सामावून घेणारी असणार’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. आमच्या येरमाळ्यात येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला अफाट गर्दी होते. त्या गर्दीच्या एका फोटोवरून गावात कोण कुणाकडे जेवतं हे तुम्ही सांगाल का? नाही ना? मग शिल्पावरून का सांगता?

शिल्पाला दोन प्रश्न विचारा. पहिला, पैसे कुणी दिले? राजांनी. म्हणजे हा राजांच्या कृतज्ञतेचा पुरावा आहे, मंडळीच्या रोजच्या व्यवहाराचा नाही. घडवणारा शिल्पकार तर भारतात कधी आलाच नव्हता. दुसरा प्रश्न, चौकटीत कोण नाही? रविवारी चर्चमध्ये जमिनीवर बसणारी तमिळ माणसं.

ती कशी बसायची याची नोंद आहे. वेल्लाळ ख्रिस्ती एका बाजूला, दलित परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला. छप्पर एक, उपासना एक, पण प्रभुभोजनाचा प्याला आधी वेल्लाळांकडे जायचा. श्वार्ट्झच्याच हाताखाली वाढलेले तमिळ कवी वेदनायगम शास्त्री यांनी पुढे अशा रूढींची लेखी बाजू मांडली. ही जातीची नव्हे, समाजाची शिस्त आहे, असा तेव्हाच्या समर्थकांचा सूर असायचा.

तोवर हे मिशन अँग्लिकनांच्या ताब्यात गेलं होतं. १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद ताबडतोब बंद करण्याचा आदेश दिला. तंजावरचे बरेच वेल्लाळ ख्रिस्ती चर्च सोडून गेले. पुढे १८४० च्या सुमारास जर्मनीतलं लाइपझिग लुथरन मिशन आलं. जातीबाबत ते जास्त सबुरीनं घेणारं होतं, त्यामुळे नाराज झालेल्यांपैकी अनेकांना तिथे जागा मिळाली.

आता सांगा, यात ‘स्वागतशील’ कोण? रूढीसकट माणसांना जवळ करणारे लुथरन, की समानतेचा हुकूम काढून मंडळी फुटू देणारे बिशप? माझं मत विचाराल तर, ज्याला वेगळं बसवलं गेलं त्याच्या जागेवरून उत्तर शोधावं लागेल. तिथून बघितलं तर पहिलं स्वागत अर्धवट वाटतं. दुसरा हुकूम कठोर होता, पण बरोबर होता. तरीही तो वरून, परक्या सत्तेच्या बळावर आला, हेही लिहायलाच हवं.

आम्हा विज्ञानवाल्यांना एक सवय असते. जे मोजता किंवा पाहता येत नाही, त्याला निरीक्षण म्हणायचं नाही. ‘स्वागतशील’ हे विशेषण आहे, निरीक्षण नाही. त्याचे प्रश्न करा: कोण कुठे बसतं? प्याला आधी कुणाकडे जातो? निर्णय कोण घेतं? नियम बदलला तेव्हा कोण उठून गेलं, आणि कोण जागेवर थांबलं?

तुमचा विषय चर्च असो, देवस्थान असो की गावातली पतसंस्था, हे प्रश्न तिथेही चालतील. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द प्रस्तावातून खोडा आणि त्या जागी यातला एक प्रश्न लिहा. गाईडनं त्यावर तुम्हाला अर्धा तास घोळवलं, तर समजा काम सुरू झालं.