पट्टी चिकटवलेली नाही, अडकवलेली आहे

प्लास्टिकचा पाठ बहुधा दोन रकान्यांत संपतो. एकात उष्मामृदू प्लास्टिके, दुसऱ्यात उष्मादृढ, खाली उदाहरणे. विद्यार्थी ती पाठ करतात, गुणही मिळवतात. पण हा फरक कळल्याने काय साधते, हे रकाने सांगत नाहीत. आमचा आक्षेप इथेच आहे.

सेलवर चालणारे मोडके खेळणे उघडून पाहा. सेलच्या खणातली धातूची पट्टी पुष्कळदा स्क्रूशिवाय बसवलेली असते. ‘कशी बसवली?’ असे विचारले की ‘गरम करून चिकटवली’ हे उत्तर येते आणि आपणही ते बरोबर धरतो. ते चूक आहे.

खणाच्या प्लास्टिकमध्ये साच्यातच एक बारीक खुंटी घडवलेली असते. पट्टीचे भोक तिच्यावर बसवतात आणि वर आलेल्या टोकावर तापलेले हत्यार दाबतात. टोक मऊ होऊन पसरते व भोकापेक्षा रुंद असे, छत्रीसारखे डोके तयार होते. ते दाबाखालीच थंड होऊ द्यावे लागते. घाई केली तर डोके किंचित मागे उसळते आणि पट्टी खुळखुळते. म्हणजे हा प्लास्टिकचा रिव्हेट झाला. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेले नसतात. डोके पट्टीला अडवून धरते, इतकेच.

एबीएस, पॉलिप्रोपिलीन, नायलॉन यांच्या खुंटीला असे डोके आणता येते. बेकेलाइटच्या खुंटीला मात्र येत नाही. त्यातील रेणूंचे जाळे एकदा पक्के झाले की ते पुन्हा मऊ होत नाही. फार तापवले तर करपते. दोन रकान्यांतला फरक असा वस्तूत दिसतो.

वर्गात प्लास्टिक तापवू नये, त्याचा धूर घातक असतो. त्याऐवजी वाढदिवसाची बारीक मेणबत्ती वॉशरमधून ओवावी आणि वर आलेल्या टोकावर कोमट चमचा हलकेच दाबावा. मेण पसरून वॉशर अडकतो. चमचा जास्त तापला तर मात्र मेण पाण्यासारखे वाहून जाते. मेणाचे रेणू आखूड असतात, प्लास्टिकचे फार लांब व एकमेकांत गुंतलेले. म्हणून मऊ झालेले प्लास्टिक घट्ट राहते आणि दिलेला आकार धरते.

व्याख्या त्यानंतर सांगावी. पट्टी कशी टिकून राहिली हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला रकाने पाठ करावे लागणार नाहीत.