यवनांचें पुस्तक आणि यवनांचे खांब

ग्रीक लोकांचें नांव निघालें म्हणजे आपल्या सुशिक्षित वाचकाच्या मनांत बहुधा दोन चित्रें उभीं राहतात. एक अथेन्सचें : सॉक्रेटिसाचे संवाद, सोफोक्लिसाच्या शोकांतिका, अ‍ॅरिस्टॉटलचा काव्यविचार. दुसरें झेलमच्या तीरावरचें : शिकंदर आणि पोरस. पहिल्या चित्राची मराठीनें चांगली जोपासना केली आहे. विंदा करंदीकरांनीं १९५७ सालीं अ‍ॅरिस्टॉटलचें काव्यशास्त्र मराठींत आणलें आणि पु. ल. देशपांड्यांनीं १९७९ सालीं ‘राजा ओयदिपौस’ दिलें. दुसरें चित्र शाळेच्या क्रमिक पुस्तकानेंच पक्कें केलेलें असतें. परंतु या दोन्ही चित्रांत ग्रीक माणूस आपल्यापासून दूरच राहतो. एकांत तो गुरु असतो, दुसऱ्यांत शत्रु. तो आपल्या किनाऱ्यावर माल घेऊन येत होता, आपल्या बंदरांची हकीकत टिपून ठेवीत होता, आणि यवन म्हणविणाऱ्या माणसांनीं आपल्या डोंगरांतील लेण्यांना खांब दिले होते, हें तिसरें चित्र मात्र आपल्या वाचनांत अद्याप नीटसें भरलेलें नाहीं. तें भरण्याचें साधन थोडें आहे, पण पक्कें आहे : एक लहानसें ग्रीक पुस्तक आणि दगडावर कोरलेल्या कांहीं ब्राह्मी ओळी. हीं दोन्ही एकमेकांशेजारीं ठेवून वाचावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पुस्तकाचें नांव ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. एरिथ्रियन म्हणजे तांबडा. पण आजचा तांबडा समुद्र, इराणचें आखात आणि आपला हिंदी महासागर या सर्वांस ग्रीक लोक हेंच नांव देत. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याच्या कडेकडेनें केलेला जलप्रवास. कर्त्याचें नांव अज्ञात आहे. तो मिसर देशांत राहणारा, ग्रीक भाषेंत लिहिणारा व्यापारी होता, एवढें त्याच्या लिहिण्यावरून कळतें. पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलें गेलें असें आज बहुतेक विद्वान् मानतात. सारा ग्रंथ लहान लहान ६६ परिच्छेदांचा आहे, आणि त्याचा मुख्य आधार म्हणजे हायडेलबर्ग येथें असलेली दहाव्या शतकांतील एक पोथी. १५३३ सालीं तो बाझल येथें प्रथम छापला गेला. १८७९ सालीं मॅक्क्रिंडल यानें त्याचें इंग्रजी भाषांतर ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकांतून प्रसिद्ध केलें. पुढें १९१२ सालीं शॉफनें व १९८९ सालीं कॅसननें सटीप भाषांतरें काढलीं.

वाङ्मय म्हणून या ग्रंथाची योग्यता काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इतिहाससंशोधक त्यांतून नांवें वेंचतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. वस्तुतः त्याच्या लेखनांत एक दुर्मिळ गुण आहे. हिरोडोटसाप्रमाणें गोष्ट रंगवून सांगण्याची हौस या व्यापाऱ्याला नाहीं. कोणत्या बंदरांत काय खपतें व काय मिळतें, मिसरांतून जुलैच्या सुमारास कां निघावें, कोठें उथळ पाणी आहे, हें तो सांगतो आणि पुढें जातो. परंतु जेथें धोका आहे तेथें त्याची लेखणी आपोआप सजीव होते. नर्मदेच्या मुखाशीं असलेल्या भडोच बंदराची भरती तो वर्णितो, तेव्हां दुरून येणाऱ्या सैन्याच्या गलबल्यासारखा पाण्याचा आवाज आपल्या कानीं पडतो. राजाच्या पदरचे कोळी लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात, आणि भरती साधून गलबतें नदींतून वर ओढून नेतात. त्या होड्यांचीं ‘त्रप्पग’ व ‘कोटिम्ब’ हीं नांवेंसुद्धां तो देतो. अलंकाराचा एकही शब्द न योजतां केवळ अनुभवाच्या नेमकेपणानें साधलेलें हें वर्णन आहे, आणि तशीं वर्णनें आपल्या प्रवासवाङ्मयांत आजही फारशीं आढळत नाहींत.

याच नेमकेपणाची दुसरी बाजूही झांकून ठेवतां येणार नाहीं. भडोचच्या आयातीची यादी तो देतो : द्राक्षाचें मद्य, त्यांतही इटलीचें अधिक पसंत, तांबें, कथील, शिसें, पोंवळीं. नंतर राजासाठीं आणावयाचा माल : चांदीचीं मूल्यवान् भांडीं, गाणारे-वाजविणारे गुलाम, अंतःपुराकरितां सुंदर मुली, उंची मद्य, तलम वस्त्रें, निवडक सुगंधी लेप. चांदीचें भांडें, माणूस आणि मद्याचा बुधला एका यादींत, एकाच स्वरांत येतात. लेखणी क्षणभरही अडखळत नाहीं. हा दोष एकट्या ग्रंथकर्त्याचा नव्हे, त्या काळाचा आहे, हें खरें. विकणारा जितका दोषी, तितकाच विकत घेणारा आपल्या बाजूचा राजाही दोषी. पण प्राचीन व्यापाराच्या वैभवाचीं वर्णनें करतांना या यादींतला मधला भाग वगळून मद्य आणि वस्त्रें तेवढीं उचलावयाचीं, ही रीत प्रामाणिक नव्हे.

ग्रंथकर्ता एके ठिकाणीं मात्र घसरतो, आणि तें ठिकाण मोठें बोधप्रद आहे. भडोचच्या मुलुखांत शिकंदराच्या स्वारीच्या खुणा अद्याप आहेत, जुनीं देवळें, छावण्यांचे पाये आणि मोठ्या विहिरी दिसतात, असें तो लिहितो. शिकंदर गंगेपर्यंत गेला होता असेंही सांगतो. शिकंदर इसवी सनापूर्वी ३२६ सालीं बियास नदीवरूनच परत फिरला, हें आपण जाणतों. परंतु त्याच प्रकरणांत तो असेंही सांगतो कीं, ग्रीक अक्षरें असलेलीं अपोलोडोटस आणि मिनँडर यांचीं जुनीं नाणीं अजून भडोचच्या बाजारांत चालतात. हा मिनँडर म्हणजे ‘मिलिन्दपञ्हो’ या पाली ग्रंथांतला मिलिंद राजा. नाणें हातांतून गेलेलें, म्हणून तें विधान पक्कें; शिकंदर हा कानांवर आलेला आणि जातीच्या अभिमानानें गोड वाटलेला, म्हणून तें विधान खोटें. स्वजातीच्या पराक्रमाची खूण दूर देशांत सांपडली म्हणजे हिशेबी माणसाचाही हिशेब कसा चुकतो, याचें इतकें सरळ उदाहरण दुसरें क्वचितच मिळेल.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, अशा दोन मोठ्या पेठा तो सांगतो. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतलें तेर, हें फ्लीट यानें १९०१ सालीं दाखवून दिलें. पैठणचे गोमेद आणि तगरचें कापड धड रस्ते नसलेल्या मुलुखांतून गाड्यांवर घालून भडोचला नेतात, असें ग्रंथकार म्हणतो. येथें महाराष्ट्राच्या वाचकानें थांबलें पाहिजे. पैठणहून जुन्नरावरून नाणेघाट उतरला कीं कल्याण. भडोचपेक्षां हें बंदर कितीतरी जवळ. मग माल एवढा वळसा घेऊन उत्तरेस कां जावा? उत्तर पुढच्याच परिच्छेदांत आहे. सोपारा आणि कल्याण यांची नांवें देऊन तो सांगतो कीं, थोरल्या सारगनाच्या काळीं कल्याण ही रीतसर मान्यतेची पेठ होती. परंतु सन्दनाच्या हातीं तें गेल्यापासून तेथील व्यापार फार अडला आहे, आणि चुकून तेथें शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला पाठविलीं जातात. सारगन हा कोणी सातकर्णी असावा. सन्दन कोण, याविषयीं विद्वानांत वाद आहे. पण वाद नांवांचा आहे, स्थितीचा नाहीं. घाटमाथा एकाच्या हातीं, बंदर दुसऱ्याच्या, आणि व्यापार कैदेंत. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध ग्रंथकर्ता स्वतः जोडीत नाहीं. तो वाचकाला जोडावा लागतो. पुराव्याचें पुस्तक वाचण्यांतला आनंद हाच आहे.

आपल्याकडे मात्र हें पुस्तक पुराव्याप्रमाणें न वाचतां प्रशस्तिपत्राप्रमाणें वाचलें जातें. परदेशच्या माणसानें आपल्या कापडाचें नांव घेतलें, आपल्या मिऱ्यांसाठीं सोनें ओतलें, म्हणून आपण मोठे, असा त्याचा सूर असतो. उलट बाजूस कांहींजण असेही आहेत कीं, ज्यांना आपल्याकडील प्रत्येक कलेच्या मागें ग्रीक हात दिसतो. दोघांची चूक एकच. दोघांनाही ग्रीक माणूस न्यायाधीश म्हणून हवा असतो. एकाला पसंतीसाठीं, दुसऱ्याला शिकवणीसाठीं. पेरिप्लसचा कर्ता तर न्याय देण्यास मुळीं बसलेलाच नाहीं. त्याला आपल्या काव्याची, धर्माची वा चालीरीतींची फारशी दखल नाहीं. त्याच्या मौनावरून आपल्याकडे कांहीं नव्हतें असें जसें ठरत नाहीं, तसें त्याच्या यादीवरून आपण थोर होतों असेंही ठरत नाहीं.

जें त्या पुस्तकांत नाहीं, तें शोधावयाचें तर घाट चढून जावें लागतें. जुन्नर नाणेघाटाच्या माथ्यापाशीं आहे, कार्लें बोरघाटाच्या, आणि नाशिक थळघाटाच्या वाटेवर. या तिन्ही ठिकाणच्या बौद्ध लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, हा योगायोग नव्हे. बंदरांतून वर जाणाऱ्या वाटांवरच तीं लेणीं आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहांत धेनुकाकट येथील यवनांनीं खांब दिले आहेत. त्यांचीं नांवें सिंहधय, धम्म, यशवर्धन अशा वळणाचीं आहेत. जुन्नरास इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, चित नांवाच्या यवनानें संघाला भोजनमंडप दिला. नाशिकास दात्तामित्रीचा राहणारा, औत्तराह योनक धम्मदेव, याचा पुत्र इंद्राग्निदत्त यानें सबंध लेणेंच कोरविलें. हे सर्व खरोखर ग्रीक रक्ताचे होते कीं पश्चिमेकडून आलेल्या कोणाही परकीयास यवन म्हणत, याचा निर्णय झालेला नाहीं; इरिल सोडला तर बहुतेक नांवें आपल्याच वळणाचीं आहेत. पण एवढें निश्चित कीं, स्वतःला यवन म्हणविण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं, आणि तें नांव आपल्या लेण्यांत कोरून घेण्यांत भिक्षुसंघालाही अडचण वाटली नाहीं.

नाशिकची कथा तर याहून विलक्षण आहे. त्याच डोंगरांत, इंद्राग्निदत्ताच्या लेण्यापासून थोड्या पावलांवर, राणी गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षीं कोरलेल्या त्या लेखांत तिनें आपल्या पुत्राला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पह्लवांचा नाश करणारा म्हणून गौरविलें आहे. एकाच डोंगरावर यवनांचा संहार हा भूषणाचा विषय आणि यवनाचें दान हा पुण्याचा विषय. यांतला एक लेख खरा व दुसरा खोटा मानण्याचें कारण नाहीं. राजाच्या प्रशस्तींत यवन हा शत्रु असतो आणि संघाच्या नोंदींत तो उपासक असतो. आपण मात्र शतकानुशतकें पहिलीच ओळ पाठ करीत आलों. पुढें बखरींत हाच शब्द मुसलमानांना लागला, आणि त्याला चिकटलेला संहाराचा अर्थ अधिकच घट्ट झाला. मूळचा आयोनियाचा रहिवासी, इराणी लोकांचा ‘यौन’, अशोकाचा ‘योन’ आणि कार्ल्याच्या खांबावरचा दाता हा त्या अर्थाखालीं पुरला गेला.

मुंबईच्या उपनगरांतील वाचकाला या साऱ्याचा शोध घेण्यास दूर जावें लागत नाहीं. अंधेरी-बोरीवलीवरून जाणारी आगगाडी पुढें नालासोपाऱ्यास जाते. घाटकोपर-मुलुंडवरून जाणारी कल्याणास. पेरिप्लसांतील दोन बंदरें या दोन मार्गांवर आहेत, आणि दोहोंच्या मध्यें साष्टीच्या डोंगरांत कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं आहेत. सोपाऱ्यास १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांना स्तूपांतील अवशेषांचा करंडक आणि अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यानें नांव लिहिलें तेव्हांच तें गांव जुनें झालेलें होतें. कान्हेरीचें मोठें चैत्यगृह यज्ञश्री सातकर्णीच्या काळचें, म्हणजे पेरिप्लसनंतर सुमारें सव्वाशें वर्षांचें. तेथील दात्यांच्या लेखांत कल्याण, सोपारा, चेमुल हीं नांवें येतात. व्यापारी, सोनार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया दान देतांना दिसतात. ज्या कल्याणचा व्यापार अडला म्हणून ग्रीक व्यापारी कुरकुरला होता, तें कल्याण कान्हेरीच्या भिंतीवर पुन्हां भरभराटलेलें आढळतें. पुस्तकानें एका पिढीची अडचण टिपली. दगडानें पुढची हकीकत सांगितली. एकट्या पुस्तकावर विसंबणारा कल्याणला बुडालेलें बंदर समजेल, आणि एकट्या लेखांवर विसंबणाऱ्याला तें कधीं अडलें होतें याची गंधवार्ताही लागणार नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या मुलांच्या वाचनमालेंत शिकंदर-पोरसाचा धडा खुशाल असावा. पण त्याच्या पाठोपाठ पेरिप्लसांतील पैठण, तेर, सोपारा आणि कल्याण यांचे परिच्छेद सरळ मराठींत दिले जावे, आणि त्यांच्या शेजारीं कार्ल्याच्या एका यवनाच्या खांबावरची ओळ अर्थासह छापली जावी. गाणाऱ्या गुलामांची ओळही त्यांतून गाळूं नये. मोठेपणाची ग्वाही आणि पराभवाची सल या दोहोंवांचूनही परक्या माणसाशीं आपला संबंध असूं शकतो, तो देण्याघेण्याचा, भांडणाचा आणि शेजाराचा असतो, हें मुलांना लहानपणींच कळलें तर पुढें त्यांना इतिहास वाचतांना कमी रागावावें लागेल आणि अधिक विचार करावा लागेल.