यम हरतो तिथपासून यम बसतो तिथवर

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिटहून फेरीबोट धरावी, ब्राच, ह्वार, कोर्चुला अशी बेटं सावकाश करावीत, अशी फर्माईश हल्ली आपल्याकडेही होते. त्या सहलीचं मर्म बेटांच्या संख्येत नसतं. कुठलं बेट आधी, कुठलं नंतर आणि कुठे मुक्काम वाढवायचा, यात ते असतं. या नजरेने वैनगंगा-प्राणहिता-गोदावरी ही वाट वाचली की तिच्या रचनेला दाद द्यावीशी वाटते.

सुरुवात चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याची. दक्षिणेला निघालेली वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर देवळांचा समूह उभा आहे. ‘विदर्भाचं खजुराहो’ हे बिरूद मला आवडत नाही. खजुराहोला अशी नदी कुठे आहे? भिंतींवरच्या सुरसुंदरी सकाळच्या तिरप्या उन्हात पाहाव्यात. दुपारी दगड सपाट दिसतो. ज्याच्या नावाचं हे स्थान, त्या मार्कंडेयाला न्यायला यम आला आणि शंकराने त्याला परतवलं, ही कथा मात्र इथेच मनात ठेवून पुढे निघायचं.

चपराळ्याला वर्धा येऊन मिळते आणि पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. इथे अभयारण्य आहे, हनुमानाचं देऊळ आहे. संगम पाहून निघालं तरी चालेल.

पुढे अहेरी तालुक्यात देवलमरी लागतं. वऱ्हाडचा कापूस नदीमार्गे थेट समुद्रापर्यंत न्यायचा, असा बेत ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटनच्या प्रेरणेने एकोणिसाव्या शतकात आखला गेला. नदीतले खडकाळ टप्पे चुकवायला बंधारे आणि कालवे काढायचे होते. त्यातला तिसरा टप्पा याच देवलमरीजवळ होता. काम १८७१ मध्ये सोडून देण्यात आलं. आगबोटी धावल्या असत्या तर आज इथे फेरीचं वेळापत्रक विचारता आलं असतं! आता सलग जलप्रवास नाही. आलापल्ली ते सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर रस्त्याने जायचं आणि नाव फक्त पलीकडच्या काठासाठी. तीही पुलांमुळे कमी होत चालली आहे. जिथे आहे तिथे दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या दिसतील, त्यावर दुचाकीही चढते. नावाडी बांबूने तळ चाचपतो, रेती लागली की खाली उतरून ढकलतो. घाई असणाऱ्याने इथे येऊच नये.

सिरोंच्याला मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. समोर, गोदावरीपलीकडे, तेलंगणातलं कालेश्वरम. तिथल्या गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत : एक मुक्तेश्वर म्हणजे शिव, दुसरं कालेश्वर म्हणजे यम. मार्कंड्याला हरून गेलेला यम नदीच्या खालच्या टोकाला शंकराच्या मांडीला मांडी लावून बसलेला भेटतो. ही जुळणी कुणी ठरवून केली, असा माझा दावा नाही. पण नदीच्या प्रवाहाने या क्रमाने आलात तरच ती लागते. आधी कालेश्वरम करून वर गेलात तर दोन वेगळी देवळं पाहिल्यासारखं होईल, बस्स.

शेवट सोमनूरला करावा. इथे इंद्रावती गोदावरीला मिळते. घाट नाही, कळस नाही. रेती, खडक आणि दोन मोठी पाण्यं. या वाटेवरचा सर्वांत देखणा संगम हाच, असं माझं मत. भामरागडचा त्रिवेणी संगमही याच फेरीत कोंबायचा मोह होतो, तो टाळा. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांना वेगळी सहल द्यावी, आणि तीही पावसाळ्यात नको. पर्लकोट्याला पूर आला की गावाचा संपर्कच तुटतो.

एक रात्र आलापल्लीला, दोन सिरोंच्याला, एवढं पुरे. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे निवडा. प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचा गर्दीचा मेळा, बारा वर्षांनी येतो. मागचा एप्रिल २०२२ मध्ये झाला. निवांतपणा हवा असेल तर पुढच्या पुष्कराची वाट न पाहता त्याआधीच जाऊन या.